अंदमानातला माऊली

म्हसरूळ, नाशिक
८ डिसेंबर २००४

दादा,

नमस्कार. आईच्या पायावर डोकं, नवसाबाई वहिनींनाही नमस्कार. आशा, तू नववीत गेलीस, आता माझं अक्षर लागत नाही ही सबब चालायची नाही. ओट्यावर बसून खणखणीत वाच, म्हणजे आजीलाही ऐकू जाईल.

जीपवाल्याबरोबर तुझा निरोप मिळाला. यंदा गाव डोंगऱ्या देव बसवतंय, अमावस्येपासून पुनवेपर्यंत, आणि पंधरा दिवस नेम धरून बसणाऱ्या माऊल्यांत तू भगताला माझं नाव सांगून टाकलंस. बरोबरच केलंस. नवस कोणाचा आहे ते मी विसरलेलो नाही. अमित दोन वर्षांचा होता, तापात आकडी यायची, डॉक्टरांनी मान हलवली होती, तेव्हा आईने डोंगराकडे तोंड करून म्हटलं होतं, पोरगा जगला तर त्याचा बाप माऊली बसेल. पोरगा जगला. आता दहा वर्षांचा आहे आणि चार भाकरी खातो. मधल्या आठ वर्षांत गावाला जमलं नाही, माझाही जीव भांड्यात पडलेला होता. आता गाव बसतंय तर बापाने यायला हवं.

पण दादा, बँकेत ऑडिट लागलंय. एकतीस डिसेंबरपर्यंत सगळ्यांच्या रजा रद्द. साहेबांपुढे मी हात जोडले, पण ते मुंबईहून आलेले, त्यांना आपला देव काय कळणार?

म्हणून मी असं ठरवलंय. नियम मी इथेच पाळतो. अमावस्येपासून पायात चपला नाहीत, बँकेतसुद्धा नाहीत. एक वेळ जेवण, तेही माझ्या हातचं. मासळी नाही, दारू नाही, जमिनीवर झोपायचं. तिकडे तुम्ही देव मांडलेल्या खळीवर, उघड्यावर मुक्काम कराल, घराचा उंबरा ओलांडणार नाही. मला घरातच राहावं लागेल, तेवढी सूट भगताकडून मागून घे. शेवटी देवाच्या गडावर मात्र माझ्या वाटचा तू चढ. तुझा गुडघा दुखतो हे ठाऊक आहे, पण दुसरं कोणाला सांगू?

बँकेत फोन करू नका, ऑडिटवाले लाइन अडवून बसतात. घरचा फोनही बंद आहे. इकडे यायचे कष्ट तर मुळीच घेऊ नकोस. मी पत्र पाठवीन.

तुझा
धनराज


म्हसरूळ, नाशिक
२० डिसेंबर २००४

दादा,

आज नववा दिवस. पायांना आता सवय झाली. पहिले दोन दिवस बँकेची फरशी बर्फासारखी लागायची, तेव्हा शिपायाने माझ्या खुर्चीखाली गोणपाट टाकलं. म्हणाला, साहेब, यावर पाय ठेवा, देव काही रागावणार नाही. मी नको म्हटलं.

आमचे हेड कॅशियर वाल्मीकराव आहेत ना, त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, धनराज, हे काय? मी छाती पुढे काढून सांगितलं, आमचा डोंगऱ्या देव आहे, मी माऊली बसलोय. वाल्मीकरावांनी हात जोडले. म्हणाले, तुमच्यासारखी श्रद्धा आमच्यात राहिली नाही.

तृप्तीही सांभाळून घेते. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात माझी वेगळी चूल म्हणजे स्टोव्ह आहे. नागलीची भाकरी मला नीट जमत नाही, कडा फाटतात. अमित हसतो.

पुनवेच्या दिवशी तुम्ही गडावरून खाली उतराल, त्या वेळी मी इथे गच्चीवर उभा राहून तिकडे तोंड करून नारळ फोडीन. तुम्ही सगळे माझ्या डोळ्यांसमोर असाल. हे खळीवर वाचून दाखवलंत तर बरं होईल, म्हणजे कोणाला वाटायला नको की धनराज शहरात जाऊन बदलला.

तुझा
धनराज


चेन्नई
१ जानेवारी २००५

दादा,

आम्ही तिघेही सुखरूप आहोत, हे सगळ्यात आधी. काल जहाजातून उतरलो. बोरगावच्या एसटीडी बूथवर फोन लावला, तर बूथवाल्याने मला बोलूच दिलं नाही. नुसता ओरडला, धनराज जित्ता हाय! मागे बाजारातले लोक ओरडताना ऐकू आले. मग कळलं की अठ्ठावीस तारखेच्या पेपरात अंदमानात अडकलेल्या नाशिककरांची यादी आली होती, तीत आमची नावं होती, आणि आश्रमशाळेच्या गुरुजींनी ती आईला वाचून दाखवली.

तुम्हाला प्रश्न पडला असेल की मी तिकडे कसा. ते असं झालं, की बँकेचं त्या बाजूच्या शाखेत तातडीचं काम निघालं. एकवीस तारखेला अचानक हुकूम आला, विमानाने जा म्हणाले. तृप्ती आणि अमित एकटे कसे राहतील, म्हणून त्यांनाही घेतलं. तुम्हाला कळवायला वेळच झाला नाही.

पुनवेच्या सकाळी साडेसहाला पोर्ट ब्लेअरला जमीन हलली. लॉजच्या भिंतीवरची घड्याळं, आरसे, सगळं खाली. आम्ही नेसत्या कपड्यांनी चढाच्या रस्त्याने धावलो. मागे वळून पाहिलं तर धक्क्यावरच्या रस्त्यात पाणी, आणि पाण्यात होड्या आडव्या. टेकडीवरच्या एका शाळेत तीन दिवस राहिलो, मग जहाज मिळालं. माझ्या पायात काही नव्हतं, हे मात्र देवाशपथ खरं आहे. तळव्यात काच घुसली, तीन टाके पडलेत.

आईला सांग, अमितच्या अंगाला पाण्याचा थेंबही लागला नाही.

तुझा
धनराज


म्हसरूळ, नाशिक
१६ जानेवारी २००५

दादा,

तुझं पत्र मिळालं. आशाचं अक्षर किती सुंदर झालंय! पत्र चार वेळा वाचलं.

तिने लिहिलंय: ‘लोक म्हणतात काका अनवाणी होते म्हणून देवाने तारलं. भगतबाबा दुसऱ्या गावांच्या खळ्यांवरही काकांची गोष्ट सांगतात. म्हणतात, आपला एक माऊली दर्यात उभा होता, दर्या त्याच्या पायाशी येऊन माघारी गेला. बाबा अजून घरात आले नाहीत. सगळे माऊली पुनवेला आपापल्या घरी गेले, चपला घातल्या, पण बाबा खळीवरच झोपतात. आई जेवण नेऊन देते. बाबा म्हणतात, दोघांच्या नावाने बसलो, तर दोघांनी मिळून उठायचं. धनराज आला की मी घरात येईन. तुम्ही कधी येता?’

दादा, हे काय नवीनच? असा नियम मी तरी कधी ऐकला नाही. पौषातली थंडी आहे, तुझी छाती आधीच धरते. आता उठ, घरात जा, वहिनींचा जीव टांगणीला लावू नकोस. मी येणारच आहे. पण पायाचे टाके अजून ओले आहेत, डॉक्टर एसटीचा प्रवास नको म्हणतात. रजाही शिल्लक नाही. माघी पुनवेपर्यंत बघतो.

आणि भगतांना सांग, माझी गोष्ट सांगत फिरू नका. देवाचं ते देवाजवळ. मला अवघडल्यासारखं होतं.

आशा, तू विचारलंस की समुद्राचा रंग कसा असतो. हिरवा असतो, बाटलीसारखा. जास्त काही बघायला मिळालं नाही, काम होतं.

तुझा
धनराज


बोरगाव बसस्थानक
६ फेब्रुवारी २००५, रविवार

दादा,

मी बोरगावात आहे. तुझ्यापासून चौदा किलोमीटरवर. सकाळी नऊच्या एसटीने उतरलो, त्यानंतर गावाकडे तीन जिपा गेल्या आणि तिन्ही मी सोडल्या. पाय उचलत नाहीत. म्हणून चहाच्या टपरीवर बसून हे लिहितोय, आणि चौथ्या जीपबरोबर पाठवणार आहे.

गुरुवारी भागीबाई परत आल्या. आमच्या शेजारच्या, तू त्यांना ओळखतोस. किती चांगला ओळखतोस ते मला गुरुवारीच कळलं. त्या नाताळच्या आधीपासून मनमाडला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. आल्या आल्या म्हणाल्या, “भाऊ भेटले का हो तुमचे? सतरा तारखेला आले होते. अनवाणी. पाठीवर नागलीच्या पिठाची पिशवी. तुमच्या दाराला कुलूप बघून पायरीवर बसले. मी म्हटलं, ते तर अंदमानला गेले फिरायला, परवाच. चहा दिला तर घेतला नाही, माझा नेम हाय म्हणाले. मग मला आठवलं, तुम्ही टाकायला दिलेलं पत्र. म्हटलं, पोस्टात कशाला टाकू, भाऊच आलेत तर त्यांच्याच हातात देते.”

मी उंबऱ्यातच खाली बसलो. भागीबाईंना वाटलं, पायाचं काही झालं.

म्हणजे दादा, तुला सतरा तारखेपासून ठाऊक होतं. वीस तारीख घातलेलं पत्र तुझ्या हातात सतराला पडलं. चौथी शिकलेला माणूस तू, आकडे तुला चांगले वाचता येतात. तरी तू ते फाडलं नाहीस. कमरेला खोचून गावी नेलंस, तारीख उलटेपर्यंत सांभाळलंस आणि, आशाने लिहिलं होतं तसं, बावीस तारखेला खळीवर सगळ्या माऊल्यांसमोर आशाकडून वाचून घेतलंस. भगताने विचारलं असेल, मंगळू, भाऊ भेटला का? तू काय सांगितलंस? हा प्रश्न मी तीन दिवस स्वतःला विचारतोय. आणि त्यानंतर मी तुला चेन्नईहून लिहिलं, बँकेचं काम निघालं, हुकूम आला, विमान! तू ते ऐकत बसलास. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात. इथे तर उजाडून दुपार झाली होती आणि मी एकटाच अजून कोंबडं दाबून धरून बसलो होतो.

आता खरं लिहितो. ऐक.

ऑडिट नव्हतं. बँकेतली चार कुटुंबं मिळून अंदमानला जायचं सप्टेंबरातच ठरलं होतं. तुझा निरोप आला त्या दिवशी मी वाल्मीकरावांना म्हटलं, मला जमेलसं दिसत नाही, गावी देवाचं आहे. त्यांनी विचारलं, कसला देव? मी सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे तू तिथे उघडाबंब नाचणार? पावरीच्या सुरावर?” आणि सगळे हसले. वाईट मनाने नाही हसले, हे मला मान्य करायला हवं. तेवढ्यावर सोडून देता आलं असतं. पण मीही हसलो. हसत म्हणालो, “छे हो, मी कशाला? आमच्याकडचे अडाणी लोक आहेत, माझा भाऊ नाचेल.”

हे वाक्य मी बोललो, दादा. तुझ्याबद्दल. ज्याने मला खांद्यावर बसवून आश्रमशाळेत सोडलं त्याच्याबद्दल.

पंधराला निघालो. चेन्नईत उतरून जहाजाची वेळ होईपर्यंत महाबलीपुरमला गेलो. किनाऱ्यावर कोळ्यांची वस्ती आहे. माडाच्या झापांच्या सावलीत एका बाईने आम्हाला मासे तळून दिले. अमितला तिखट लागलं, तर तिने पदराने त्याचे डोळे पुसले आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली, ते आम्हाला कळलं नाही. मी तीन तुकडे खाल्ले. सातवा दिवस होता. परतताना आम्ही तिकडे फिरकलो नाही. तो किनारा पाण्याने धुऊन नेला असं स्टेशनवर लोक बोलत होते. ती बाई आहे की नाही मला माहीत नाही. तिचं नावही विचारलं नव्हतं.

बेटावर आम्ही एका जागी दोन दिवस होतो. पांढरी वाळू, पिठासारखी. सगळे चपला काढून चालत होते, मीही काढल्या. अमित पळत आला आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही पत्रात लिहिलं तसं खरंच अनवाणी झालात!” त्याने मला पत्र लिहिताना पाहिलं होतं. तृप्तीने मान फिरवली. ती आधीपासून म्हणत होती, खरं सांगून टाका, भावजी समजून घेतील. मी तिला गप्प केलं होतं. त्या वेळी मी काय केलं सांगू? हसलो. वाळूत बसून पोट धरून हसलो. तळाला काच लावलेल्या होडीत बसून पोवळी पाहिली, त्यांत निळे मासे फिरत होते. अर्धी चड्डी, डोक्यावर पेंढ्याची टोपी, असे माझे फोटो आहेत. चतुर्दशीला, तू दुखऱ्या गुडघ्याने गड चढत होतास तेव्हा, मी खेकडे खाल्ले, वाल्मीकरावांनी ग्लास पुढे केला तो घेतला. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही की मला आनंद झाला होता. भीती वाटली नाही, तुमची आठवणसुद्धा फारशी आली नाही. मला वाटत होतं, मीही या लोकांसारखाच आहे, अखेर.

दुसऱ्या सकाळी जमीन हलली. पायात चपला नव्हत्या त्या एवढ्यासाठीच, की पलंगाखालून काढायला वेळ नव्हता. शाळेत तीन दिवस शेजारी निकोबारकडून आलेली माणसं होती. त्यांचं गावच गेलं होतं. त्यातल्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं, तुम्ही कशाला आला होतात? मी म्हटलं, फिरायला. त्याने मान डोलावली. तेवढ्या तीन दिवसांत मी खरं बोललेलं ते एकच.

आणि माझ्या त्या जखमेचा गावाने चमत्कार केला. दर्या पायाशी येऊन माघारी गेला! देवाने माझ्यासाठी दर्या मागे लोटला असेल, तर त्या महाबलीपुरमच्या बाईसाठी का नाही लोटला? ती तर कोणाला फसवत नव्हती. हे भगतांना विचारायची माझी हिंमत नाही. त्यांना थांबवायची हिंमत मात्र आज करतोय.

तुझ्या पत्रातलं ‘लोक म्हणतात’ मी आता पुन्हा वाचलं. तू कुठेच ‘मी म्हणतो’ असं लिहवलं नाहीस. एवढंच सांगितलंस की दोघांनी मिळून उठायचं. महिना झाला, दादा, तू मला वेळ देत होतास आणि मी तुला टाक्यांची सबब सांगत होतो. टाके दहा तारखेलाच निघाले.

तू नागलीचं पीठ घेऊन का आला होतास तेही भागीबाईंनी सांगितलं. तू त्यांना म्हणालास, माऊलीनं एकट्यानं जेवू नये, तो तिथं एकटा हाय, म्हणून आलो.

आशा, आता तुझ्यासाठी. हे पत्र खळीवर ने. भगतबाबांना बोलाव, जे असतील त्यांना बसव आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाच. काही गाळू नकोस. चूक माऊलीने खळीवर सांगायची असते, तेवढा नियम मला आठवतो. वाचून झालं की बाबांना चपला घालून घरी जायला सांग. मी इथे पाचच्या जीपची वाट बघतो. यायला सांगितलंत तर येईन. नाहीतर सहाची नाशिक गाडी आहे.

धनराज


म्हसरूळ, नाशिक
१० फेब्रुवारी २००५

आशा,

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी पाठवलं असतं तर तू ते न उघडता बाबांकडे दिलं असतंस. तू म्हणालीस म्हणे, काकांचं पत्र मी परत हातात धरणार नाही. धरलं असशील तर इथवर तरी वाच.

रविवारी बोरगावात काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. आम्ही दोघं भाऊ सांगण्याच्या अवस्थेत नव्हतोच. पाचच्या जीपमधून तुझे बाबा उतरले. घोंगडी पांघरलेली, पाय भेगाळून काळे पडलेले. मी उठून पायाला हात लावायला गेलो तर बाकावर बसले आणि म्हणाले, “बस.” टपरीवाल्याने दोन चहा आणून ठेवले, ते गार झाले.

मी विचारलं, “वाचलं का खळीवर?”

“नाय.”

“का?”

“पोरीनं जीपपाशी उभं राहून मनात वाचलं. सगळं. मंग कागुद माझ्या हातात दिलं नि म्हनली, बाबा, ज्याचं हाय त्यानं बोलावं. मी लय येळा बोलले त्याच्या बदली.” बाबांनी घोंगडी आवळली. “मंग मला इचारलं, तुमाला ठावं व्हतं? मी म्हनलो, व्हतं. म्हनली, ठावं असून देवापुढं माझ्या तोंडून वदवलं? मी काय सांगू? भावाची लाज झाकाया गेलो नि पोरीला खोट्यात उभी केली. तवापून ती बोलंना.”

सहाची गाडी आली, दारं वाजली, गेली. आम्ही दोघंही बसून राहिलो. खरं सांगू, आम्हाला भगताची भीती नव्हती, गावाचीही नव्हती. चौदा वर्षांच्या एका मुलीसमोर जायची हिंमत दोन बाप्यांपैकी एकालाही होत नव्हती. अखेर बाबा म्हणाले, “चल. कवातरी उठावं लागंलच.”

खळीवर मी बोललो. कागद हातात घेतला नाही. अडाणी म्हणालो तेही सांगितलं, खेकडे सांगितले, ग्लास सांगितला, तारीख पुढची घातली ते सांगितलं. मध्ये एकदा आवाज बसला, तर आजी मागून ओरडली, “मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाय.” भगतबाबांना माझी गोष्ट आवडली होती, ती आता त्यांना अकरा गावांतून परत घ्यायची आहे, आणि तेही माझ्यामुळेच. पुढच्या बैठकीला पूर्ण पंधरा दिवस माऊली बसायचं आणि तोवर गावात येताना शिवेपासून अनवाणी यायचं, असं त्यांनी ठरवलं. मी हो म्हटलं. बाबा माझ्याबरोबर उठले. तुझी आई दारात पाणी घेऊन उभी होती. तिने बाबांच्या पायावर ओतलं, माझ्याही पायावर ओतलं. आजीने मला जवळ घेतलं, अमित बरा आहे ना एवढं विचारलं, मग भिंतीकडे तोंड करून निजली. तू त्याआधीच शाळेच्या वसतिगृहात निघून गेली होतीस.

आशा, त्या दिवशी मला सगळ्यांनी माफ केलं असं म्हणता येईल. बाबांनी केलं, भगतांनी केलं. पण घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्यांनी फक्त त्यांच्या वाटचं माफ केलं. तुझ्या वाटचं तसंच आहे. मी ज्यांना फसवलं ते सगळे मोठे होते, त्यांनी माझं खोटं कानांनी ऐकलं. तुला मात्र ते तोंडाने म्हणावं लागलं. ‘छाती पुढे काढून सांगितलं’ हे वाक्य तू खळीवर किती अभिमानाने वाचलं असशील, त्याचा विचार केला की मला कुठे तोंड लपवू असं होतं. तुझा आवाज चांगला आहे, लोक तुझं ऐकतात, हे मला माहीत होतं आणि मी ते वापरलं. आणि तुझ्या बाबांना तुझ्यासमोर खाली मान घालायला लावलं, तेही मीच. त्यांच्यावर राग धरू नकोस. माझ्यावर धर.

समुद्राबद्दल तू विचारलं होतंस, त्याचंही मी खोटं उत्तर दिलं. मी समुद्र खूप पाहिला. पोटभर पाहिला. सकाळी तो दुधी असतो, दुपारी एवढा निळा की डोळे दुखतात, आणि हात घातला तर पाण्याला काहीच रंग नसतो. तुला बघायचा असेल तर मी नेईन, पण ते लाच म्हणून नको. तू माझ्याशी कधीच बोलली नाहीस तरी नेईन.

मी काही लिहून आता तुझ्याकडून काही होणार नाही हे मला कळतं. कागदावर मी फार चांगला आहे, तिथेच सगळं बिघडलं. म्हणून शनिवारी येतो. शाळेच्या फाटकाशी दुपारी उभा राहीन. तू बाहेर आली नाहीस तर फाटकातूनच बोलीन, गुरुजी ऐकोत की सगळी पोरं ऐकोत. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. तुला खोटं बोलायला लावलं, आशा, मी चुकलो, एवढंच असेल बहुतेक. ते माझ्या तोंडाने.

धनराज काका